प्रत्येकी दीड हजार: डोंबिवली ते टिटवाळा, व्हाया घोडबंदर

सहलीला कुठे जायचं हे आमचं पाच मिनिटांत ठरलं. पैसे कसे काढायचे हे ठरायला मात्र तीन आठवडे लागले.

आम्ही तिघी. मी मंजिरी, डोंबिवलीची, घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात बिलं तपासते आणि घरी आल्यावरही तेच करते, असं माझा नवरा म्हणतो. वैशाली कल्याणची, शिकवण्या घेते. आणि दमयंती, म्हणजे आमची दमू. शीळफाट्याच्या अलीकडच्या गावातली आगरी लेक, शाळेसाठी डोंबिवलीत मावशीकडे राहिलेली. पाचवीपासून एका बाकावर. आता पंचेचाळिशी आली तरी बाक सुटलेला नाही, असं मी अभिमानाने सांगायचे. गेल्या वर्षी तो सुटता सुटता राहिला, आणि त्याला कारण मी.

झालं असं. आदल्या वर्षी आम्ही कोकणात गेलेलो. मी फोनवर खर्च वाटून देणारं अ‍ॅप घेतलेलं. कोणी काय भरलं ते टाकायचं, कोणाकडून किती येणं ते अ‍ॅप सांगतं. मी तर प्रेमातच पडले. वैशालीकडे शेवटी अकराशे चाळीस रुपये निघाले. मी ‘रोज आठवण करा’ हे बटण दाबून ठेवलेलं आणि विसरून गेलेले. रोज सकाळी नऊ वाजता माझ्या नावाने तिला मेसेज जात राहिला. त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून रोज नऊ वाजता माझी वसुली वाचत होती. सातव्या दिवशी तिने पैसे पाठवले आणि आमच्या गप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून निघून गेली. एक शब्द बोलली नाही. मला हे दोन महिन्यांनी दमूकडून कळलं.

मी फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे गं." पण ‘असू दे’ दोन प्रकारचं असतं, आणि हे दुसऱ्या प्रकारचं होतं. पुढे वर्षभर फक्त वाढदिवसाचे फुगे आणि केकची चित्रं. म्हणून या जानेवारीत दमूने फर्मान काढलं, "दोन दिवस, आपल्याच टापूत, माझी गाडी, लांब जायचं नाही." आणि मला वेगळा फोन करून म्हणाली, "मंजू, या वेळी पैशावरून तिचं मन दुखावलंस ना, तर मी पण तुझी नाही. आधीच सांगून ठेवते."

तर वॉलेट की अ‍ॅप? वाचणाऱ्यांनो, तुमच्याही ग्रुपमध्ये हा वाद होणार, म्हणून सांगते. वॉलेट म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी, एकीच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये टाकायची आणि सगळा खर्च त्यातूनच करायचा. संपली की संपली. अ‍ॅप म्हणजे खर्च जिला जमेल तिने करायचा आणि नंतर पै-पैचा निवाडा. माझं मत अर्थातच अ‍ॅप. वैशाली मासे खात नाही, मग तिने आमच्या माशांचे पैसे का भरायचे? मला वाटायचं हाच न्याय. वैशाली शांतपणे म्हणाली, "मला न्याय नको, आकडा हवाय. घरातून निघताना किती जाणार ते कळलं की मी निवांत." दमूचं तिसरंच, "मी भरते ना सगळं, गप बसा दोघी." त्यावर आम्ही दोघी एकदमच "अजिबात नाही" म्हणालो. वर्षभरात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

शेवटी वॉलेट. आकडा वैशालीने सांगितला, प्रत्येकी दीड हजार. वॉलेट तिच्याच फोनवर. आणि मी तिला शब्द दिला, ‘अ‍ॅप उघडणार नाही. आईशप्पथ.’

शनिवारी सकाळी साडेसातला डोंबिवली पूर्वेहून निघालो. मानपाडा रोडवर मिसळ खाल्ली, तिघींचे चहासकट तीनशे तीस. वैशालीने फोन पुढे करून पैसे दिले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी ऐट होती ती बघून मला बरं वाटलं. पेट्रोल हजाराचं टाकलं. मी घरून एका जुन्या स्टीलच्या डब्यात नाचणीचे लाडू घेतलेले. प्रवासाला लाडू हवेतच, आणि त्याचे पैसे कोणी विचारत नाही.

कल्याण-शीळ रस्ता सकाळी आठच्या आत गाठा, हा माझा पहिला सल्ला. मेट्रोच्या कामामुळे लेन कुठे जाते ते ड्रायव्हरलाही शेवटच्या क्षणी कळतं. खिडकाळीला महादेवाचं देऊळ आहे, तिथे थांबाच. बाहेर ट्रकांचा धुरळा आणि आत गेलं की घंटेचा आवाज, तळं, आणि पायऱ्यांवर ऊन खात बसलेले म्हातारे. दर्शन फुकट, बेल-फुलं वीस रुपये.

पुढे दहा मिनिटांवर रस्त्याच्या कडेला दमूची आई भाजी विकत बसलेली. होय, विकत. जमिनीचे पैसे आले, गावात तीन मजली घर झालं, लेकीचा घोडबंदरला फ्लॅट झाला, तरी वाडीतली भेंडी, मुळा आणि वालाच्या शेंगा घेऊन काकी रोज बसतात. "बसलं नाय तं हात दुखतान," असं म्हणतात. आम्ही अर्धा किलो भेंडी आणि शेंगा घेतल्या. दमू म्हणाली, "आये, आपल्याच आहेत या." काकींनी तराजूवरची नजर हलवली नाही. "साठ रुपये. टाका त्यान."

वैशालीने काकींचा क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं, अनसूया. पस्तीस वर्षांची ओळख, आणि मला त्यांचं नाव आत्ता कळत होतं! मैत्रिणीच्या आईला कुठे नाव असतं?

"काकी, तुमचं नाव अनसूया?"

"मंग काय, बापानं काकी नाव ठेवलं व्हतं?"

आम्ही हसून हसून वाकलो. पण पिशवी काही मिळाली नाही. पैसे आल्याचं तो बाजूचा छोटा स्पीकर बोलेपर्यंत काकींनी ती मांडीवर धरून ठेवली. दमू म्हणाली, "टपरीवर ही देवालाही उधार देणार नाही. आता घरी चला, मग बघा."

घरी खरंच दुसऱ्या काकी होत्या. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला तसा त्यांनी आमच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. मी लाडवांचा डबा दिला. त्यांनी एक लाडू तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, मग डबा उलटा करून खाली बघितलं, अंगठा फिरवला.

"जुना हाय गो डबा. कुठशी घेतलास?"

"घरातच होता काकी. आईच्या वेळचा."

"हां," म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवण काय सांगू! तांदळाच्या भाकऱ्या, एवढ्या पातळ की पलीकडचं दिसावं. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची चटणी. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा, बाजारात सहसा मिळत नाही. वैशालीसाठी वेगळं वालाचं बिरडं, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने. तिने न सांगता. "दमी बोलली व्हती, तू मासला खात नाय." वैशालीचे डोळे भरून आले. तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि ती एरवी पाखरासारखं जेवते.

आणि आता माझा प्रताप ऐका.

हात धुऊन आम्ही ओटीवर बसलो. काकी सुपारी कातरत होत्या. माझ्या डोक्यात किडा वळवळला. गाडी दमूची, रात्रीचा फ्लॅट दमूचा, जेवण दमूकडचं. वॉलेटमध्ये सगळ्यांचं सारखं, म्हणजे दमूवर अन्याय. कुठेतरी टिपून ठेवू, नंतर तिला साडी घेता येईल. सकाळी काकींनी भाजीचे पैसे घेतलेच होते ना? मी पदराआड, गुपचूप, अ‍ॅप उघडलं. फक्त स्वतःसाठी. ‘काकींकडे जेवण, पंधराशे, दमूने भरले, तिघींत वाटून.’

मी जिथे लिहिलं तो अ‍ॅपमधला कोकणचा जुना ग्रुप होता, आणि त्यात त्या दोघी अजून होत्या.

दोन फोन एकदमच वाजले. दमूने मोठ्याने वाचलं, "‘मंजिरीने नवीन खर्च टाकला. काकींकडे जेवण…’" आणि पुढचं तिने वाचलं नाही. वैशालीने आपला फोन बघितला आणि पालथा ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कसला खर्च?" काकींनी विचारलं.

"तुझ्या जेवणाचं बिल आलंय, आये. पंधराशे."

काकींचा अडकित्ता थांबला. "मंग ही काय खानावल हाय?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. उठून आत गेल्या. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, मला त्या क्षणी ते अगदी मनापासून वाटलं. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले, "काकी चुकलं माझं, मी सहजच…" त्यांनी मला हाताने थांबवलं. मग लाडू एका ताटात काढून घेतले, माझा डबा राखेने खसाखसा घासला, फडक्याने पुसला, आणि त्यात शिदोरीसारख्या भाकऱ्या, वर चटणीची पुडी, असा गच्च भरून माझ्या हातात दिला.

"रिकामा डबा देव नये. जा. वाटंन भूक लागंल."

आम्ही निघालो. शीळफाट्याला सिग्नल, मुंब्रा बायपासला कंटेनरांची रांग. ठाण्यात माजिवड्याला चहा प्यायचा होता तोही कोणी प्यायला नाही. घोडबंदर रोडला लागलो आणि कापूरबावडीच्या पुढे गाडी जी थांबली ती थांबलीच. माझा दुसरा सल्ला, शनिवारी दुपारी चारनंतर घोडबंदरच्या वाटेला जाऊ नका. पण मी त्या ट्रॅफिकची आता ऋणी आहे, कारण तिथे दमूला बोलण्यावाचून दुसरं काही करायला नव्हतं.

"तुला एक सांगू?" ती समोर बघतच म्हणाली. "आयेने सांगू नको म्हणून बजावलेलं. पण आज सांगते. तुझी आई गेली, आपली दहावी होती. तेरा दिवस तुमच्या घरात जेवण कुठून यायचं?"

"शेजारच्या काकूंकडून," मी म्हणाले. आमच्या घरात सुतक, चूल बंद. काकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, आम्हा बापलेकींना वाढायच्या. मला ते ताटसुद्धा आठवतं.

"काकू फक्त वाढायच्या. डबा आये आणायची. सकाळच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात यायची ना ती, पाटीत खाली डबा. तुमच्या शेजारणीच्या मागच्या दाराने द्यायची आणि निघून जायची. तेरा दिवस."

"आमच्या घरी का नाही आल्या?"

"म्हणायची, दुःखाच्या घरात आपण गेलो तर त्यांना उठून चहा टाकावा लागेल. आणि मला म्हणाली, पोरीला सांगू नको, वर्गात ती तुझ्यासमोर मान खाली घालेल." मग दमू माझ्याकडे वळली. "आणि आज तू तिच्या भाकरीला भाव लावलास."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी रडले, अगदी हुंदके देऊन. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं. पंधरा वर्षांची मी, भुकेने नाही तर दुःखाने अर्धमेली झालेली, आणि कोणीतरी रोज पाटीच्या तळाशी माझं जेवण घेऊन येत होतं. मला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं!

तेवढ्यात मागच्या सीटवरून वैशालीचा हात माझ्या खांद्यावर आला. "पाणी पी," ती म्हणाली.

गायमुखला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं. खाडीचं पाणी, पलीकडे डोंगर, कठड्यावर बसायला जागा. पार्किंगला वीस रुपये, भाजलेलं कणीस चाळीस. सूर्यास्तासाठी साडेपाचला पोचा, म्हणजे बसायला मिळतं. आम्ही डबा उघडला आणि काकींच्या भाकऱ्या चटणीबरोबर खाल्ल्या, वैशालीने कोरड्याच.

"मला अकराशे चाळीसचं काही नव्हतं गं," वैशाली आपण होऊन बोलली. "दिले असते. पण सात दिवस रोज तुझं नाव यायचं फोनवर. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मंजूला कळलं, विचारतेय कसे आहेत ते. आणि उघडलं की आकडा."

मी तिचे दोन्ही हात धरले. "वैशू, मी नालायक आहे." ती म्हणाली, "आहेसच. पण आमची आहेस." मग दमू म्हणाली, "चला, झालं एकदाचं," आणि नाक शिंकरलं. मी तिथेच फोन काढला. जेवणाची नोंद पुसली, दोघींना दाखवून ग्रुप काढून टाकला, मग अ‍ॅपच काढून टाकलं. ते विचारत होतं, नक्की ना? म्हटलं, नक्की रे बाबा.

दमूच्या तेविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं वर्णन करत नाही, तुम्हाला तिथे राहायला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. भिवंडी बायपासने कल्याणला आलं की खाडीच्या पुलाशी दुर्गाडी किल्ला लागतो. देवीचं दर्शन घेतलं, वरून खाडी बघितली. तिथून शहाड, आंबिवली करत टिटवाळा. आंबिवलीच्या पुढे रस्ता अरुंद आहे आणि खड्डे मनसोक्त, पण दोन्ही बाजूंना अजून थोडी शेतं दिसतात. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला रविवारी रांग तासाभराची. चतुर्थी असेल तर विचारूच नका. रांगेत आम्ही शाळेतल्या बाईंची नक्कल करून इतक्या हसलो की पुढच्या आजोबांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "चालू द्या, बाप्पाला आवडतं."

जेवून परतीला लागलो तेव्हा वैशालीने जाहीर केलं, "वॉलेटमध्ये सहाशे दहा उरलेत." मी तोंड उघडणार इतक्यात दोघी एकदम ओरडल्या, "वाटायचे नाहीत!" अगं, मी तेच म्हणणार होते. ते अजून तिथेच आहेत.

तर वॉलेट की अ‍ॅप? माझं ऐकाल तर वॉलेट. आणि आकडा त्यालाच ठरवू द्या ज्याचा हात सध्या आखडता आहे. बाकीच्यांनी त्यात बसवा. सहल लहान झाली तरी चालेल, माणूस यायला हवा. आणि कोणाच्या घरी जेवलात तर तो फोन गाडीतच राहू दे.

संध्याकाळी घरी आले. चहा टाकला, पिशव्या उपसल्या आणि काकींचा डबा, म्हणजे माझाच डबा, घासायला घेतला. एरवी मी भांडं आतून घासते आणि बाहेरून हात फिरवते. काल काकींनी राखेने घासलेला तो, बूड अगदी लखलखत होतं. खिडकीच्या उजेडात तिथे बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव दिसलं. पूर्वी भांडेवाले कोरून द्यायचे तसं. गेली तीस वर्षं त्यावर काळा थर होता.

अनसूया.

दमू आम्हाला सोडून गावी आयेकडेच मुक्कामाला गेलेली. मी तशीच ओल्या हाताने तिला फोन लावला आणि म्हटलं, काकींना दे.

"काकी, हा डबा तुमचा आहे."

"मना ठाव हाय."

"काल बघितल्या बघितल्या ओळखलात ना? मग बोलला का नाही?"

पलीकडे अडकित्त्याचा आवाज आला.

"बोललं असतं तं तू परत दिला असतास गो."

डबा ओट्यावर पालथा घातलाय. येत्या रविवारी लाडू भरून घेऊन जाणार आहे, आणि परत घेऊन येणार आहे.